काट्याचं तोंड कुणाकडे?

गेल्या महिन्यात आत्याकडे गेलो होतो. सांगली जिल्ह्यात, नदीकाठचं गाव. पहाटे साडेपाचला ती दुधाचा कॅन घेऊन निघाली, तसा मीही तिच्या मागोमाग निघालो. संकलन केंद्रावर रांग लागलेली होती. कुणाच्या हातात किटली, कुणाच्या सायकलला कॅन, एका म्हाताऱ्याकडे तर दोन लिटरचीच बरणी. आत्याचा नंबर आला. केंद्रावरच्या पोराने दूध काट्यावरच्या भांड्यात ओतलं, भिंतीकडे तोंड केलेल्या डिस्प्लेवर नजर टाकली आणि आकडा पुकारला, "आक्का, सात पॉइंट दोन."

आत्या म्हणाली, "घरात मापून आणलंय रं. सव्वासातच्या वर हाय."

"काट्यावर येतंय तेवढंच सांगतोय की, आक्का."

"मग त्यो काटा हिकडं फिरीव. मलाबी दिसू दे."

पोरगं वाईट नव्हतं. त्याने काटा फिरवला. तांबडे आकडे आम्हा सगळ्यांना दिसले: 7.29. शेजारच्या प्रिंटरमधून निघालेल्या पावतीवर होतं 7.2. काटा खरं बोलत होता आणि पावती शेवटचा आकडा गिळत होती. पोराला विचारलं तर म्हणाला, संगणकात पहिल्यापासून असंच आहे. भिंतीवर काट्याचं पडताळणी प्रमाणपत्र टांगलेलं होतं. तारीख चालू होती, शिक्का खरा होता. त्या काट्याला कुठल्याही निरीक्षकाने पासच केलं असतं.

मी आत्याच्या अंगणात बसून हिशोब मांडला. शेवटचा आकडा दरवेळी कापला तर कधी काहीच जात नाही, कधी 90 मिली जातात, सरासरी 45. दिवसातून दोनदा, वर्षातून 730 वेळा. म्हणजे वर्षाला जवळजवळ 33 लिटर दूध. गाईच्या दुधाला लिटरला 30 रुपये धरले तरी हजाराच्या आसपास रक्कम झाली. गावात दूध घालणारे 300 धरले तर वर्षाला जवळपास तीन लाख रुपये. पहाटे चारला उठून शेण काढणाऱ्या, वैरण कापणाऱ्या, धार काढणाऱ्या बायांचे हे तीन लाख एका दशांश चिन्हाच्या पलीकडे जाऊन पडतात. पश्चिम महाराष्ट्रात ही तक्रार नवी नाही. काट्यावर 100 मिलीची पायरी नको, 10 मिलीची हवी, असं शेतकरी वर्षानुवर्षं सांगत आलेत.

आपल्याकडे वजनमापांच्या गोष्टी निघाल्या की सगळे दुकानदाराच्या तराजूवर येऊन थांबतात. मला त्या दुकानदाराच्या आधी आत्याबद्दल बोलायचं आहे. ती विकत घेणारी नाही, विकणारी आहे. तिच्या मालाचं वजन दुसराच कुणीतरी करतो, दुसऱ्याच्या काट्यावर करतो, आणि त्या काट्याचं तोंड तिच्याकडे नसतं.

पण आधी काटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचं काम काय ते नीट समजून घेऊ. गावात त्याला अजून 'वजनमापे खातं' म्हणतात, कागदावर ते वैध मापन शास्त्र. 2009 चा कायदा आहे, 1 एप्रिल 2011 पासून लागू झाला. व्यवहारात वापरलं जाणारं प्रत्येक वजन, माप, काटा, मीटर ठरावीक मुदतीने तपासून घ्यायचं आणि त्यावर सरकारी शिक्का मारून घ्यायचा. याला पडताळणी आणि मुद्रांकन म्हणतात, बाजारात 'काटा पासिंग'. लोखंडी वजनं, लिटरची मापं, कापडवाल्याची मीटरपट्टी, हाततराजू हे दर 24 महिन्यांनी. इलेक्ट्रॉनिक काटा, वे-ब्रिज, पेट्रोलपंप, टँकर हे दर 12 महिन्यांनी. काटा मध्येच बिघडला, उघडून दुरुस्त केला, तर मुदत शिल्लक असली तरी पुन्हा पासिंग.

षटकोनी लोखंडी वजन हातात घेऊन उलटं करून बघा. खाली एक खळगा असतो, त्यात शिसं ओतलेलं असतं. शिसं मऊ, म्हणून त्यावर ठसा उमटतो. निरीक्षकाचा क्रमांक, वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि एक अक्षर. जानेवारी ते मार्चला ए, पुढच्या तिमाहीला बी, मग सी, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरला डी. लोखंड वापरून झिजतं, गंजतं, कुणी कानस मारून कमीही करतं. वजन कमी भरलं की शिसं घालून ते पुरं करता येतं, आणि ते शिसं कुणी मागाहून खरवडलं तर ठसाच मोडतो. इलेक्ट्रॉनिक काट्याला याच कामासाठी तार आणि शिशाचं सील असतं. आतली जुळवणी कुणी हलवायची म्हटली तर आधी ते सील तोडावं लागतं.

या शिशाच्या ठिपक्यामागे फार मोठी साखळी उभी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत प्लॅटिनम-इरिडियमचा एक किलो जपून ठेवला आहे, त्याचा क्रमांक 57. पॅरिसजवळच्या मूळ किलोशी जुळवलेला. 20 मे 2019 पासून किलोची व्याख्याच धातूच्या ठोकळ्यावरून काढून निसर्गाच्या एका स्थिरांकावर बसवली गेली, म्हणजे तो ठोकळा झिजला तरी जगाचा किलो झिजणार नाही. दिल्लीच्या त्या प्रमाणावरून संदर्भ प्रमाणं, त्यांच्यावरून दुय्यम प्रमाणं, त्यांच्यावरून निरीक्षकाच्या पेटीतली कार्यकारी प्रमाणं, आणि त्यांच्यावरून वाण्याच्या गल्ल्याशेजारचं वजन. आपल्या मुंबईच्या टांकसाळीत नाणी पाडतात तशी ही प्रमाण वजनंही घडवतात. इतक्या शास्त्रज्ञांनी, इतक्या कारागिरांनी राखत आणलेला किलो संकलन केंद्राच्या प्रिंटरमध्ये येऊन कापला जातो, याचा मला संताप येतो.

कारण या किलोसाठी आपण किती वाट पाहिली आहे! पूर्वी मण म्हटलं तर कुठला मण ते विचारावं लागे. रेल्वेच्या हिशोबाचा मण 37 किलोंच्या वर, आणि मुंबईचा मण 28 पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोसुद्धा नाही. धान्य तर वजनावर नव्हेच, मापावर जायचं. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशेरी, पायली. सपाट माप घ्यायचं की शीग लावून घ्यायचं, यावर सावकाराचं घर भरत होतं. घेताना शिगेचं, देताना सपाट. शिवकाळात जमीन मोजायला पाच हात पाच मुठींची काठी ठरवली गेली, कारण काठी लांब-आखूड झाली की रयतेचा सारा वर-खाली होतो, हे राज्यकर्त्याला कळत होतं. स्वतंत्र भारताने 1956 मध्ये कायदा केला आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून किलो-मीटरची पद्धत टप्प्याटप्प्याने आणली. अडाणी माणसाला फसवणं त्या दिवसापासून एका बाजूने तरी अवघड झालं. नवी सून माप ओलांडून घरात येते, ती आपली रीत आहे. घराची सुरुवात आपण मापापासून करतो, आणि बाजारात तेच माप बघायला लाजतो.

आता उसाच्या काट्याकडे येतो. 'काटामारी' हा शब्द महाराष्ट्राला साखर कारखान्यांनी शिकवला. 2025-26 च्या हंगामाला केंद्राने सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली. वीस टनांच्या एका खेपेत शंभरात एक मारला, तर 200 किलो गेले, म्हणजे 710 रुपये. शेतकऱ्याला ते कळतसुद्धा नाही, कारण उभ्या उसाच्या वजनाचा अंदाज कुणालाच एक टक्क्याने लागत नाही. आता कारखान्याच्या बाजूने बघा. हंगामात दहा लाख टन गाळप असेल, तर हाच एक टक्का दहा हजार टन होतो, म्हणजे साडेतीन कोटींच्या वर. प्रत्येकाच्या खिशातून चिमूटभर आणि एका खिशात पोतंभर, असा हा व्यवहार आहे. सगळे कारखाने हे करतात असं मी म्हणत नाही. चोख काटा ठेवणारे कारखाने आहेत आणि त्यांच्याकडे ऊस घालायला शेतकरी लांबून येतात. पण संशय सगळ्यांवर बसला आहे, आणि तो उठवण्याचं काम कारखान्यांचंच आहे.

वे-ब्रिजवर होतं काय, ते बघा. भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट पुलावर चढतो. पुलाखाली लोड सेल असतात, ते दाब मोजून आतल्या खोलीत आकडा पाठवतात. हे भरतीचं वजन. मोळ्या गव्हाणीत पडल्या की रिकामी गाडी पुन्हा पुलावर, ते झालं रिकामं वजन. एकातून दुसरं वजा केलं की ऊस. म्हणजे घोटाळ्याला जागा दोन. भरलेल्याचं वजन कमी दाखवा किंवा रिकाम्याचं वाढवून दाखवा, शेतकऱ्याच्या खात्यात परिणाम एकच. रिकाम्या गाडीच्या वजनाकडे फार कमी लोक लक्ष देतात. तीच गाडी, तेच ट्रेलर, हंगामभर रोज तोलले जातात. त्यांचं रिकामं वजन खेपेगणिक दोन-दोन, तीन-तीन क्विंटलने का हलतं, हे पावत्या शेजारी-शेजारी मांडून विचारलंच पाहिजे. डिझेल आणि चिखल यांनी थोडाफार फरक पडतो. तीन क्विंटलचा नाही.

या सगळ्यात ऊस ज्याचा तो माणूस कुठे असतो? घरी. तोडणीची टोळी वेगळी, वाहतूकदार वेगळा, गाडी रात्री दोनला पुलावर चढते तेव्हा तिथे ड्रायव्हर असतो आणि काट्यावरचा कारकून असतो. ड्रायव्हरला झोप आलेली असते, त्याला पुढची खेप गाठायची असते. शेतकऱ्याच्या हाती उरते ती पावती.

बाहेरच्या काट्यावर आधी वजन करून गाडी कारखान्यात नेली की 'बाहेर वजन केलेला ऊस घेणार नाही' असं ऐकावं लागतं. माझ्या चुलतभावाने हे ऐकलेलं आहे. गाडी सात तास गेटबाहेर उभी राहिली, ऊस वाळला, वजन आणखी घटलं. कारखान्याचं नाव लिहीत नाही. पण ज्याचा काटा खरा आहे, त्याने दुसऱ्या काट्याला घाबरण्याचं कारण मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

हे काटे तपासायला दर हंगामात भरारी पथकं नेमली जातात. त्यांत महसूल, पोलीस, वैध मापन शास्त्राचे निरीक्षक, शेतकरी संघटनांचे प्रतिनिधी असतात. पथकाने काय करायचं असतं? वजन होऊन गेलेली गाडी परत पुलावर घ्यायची आणि पावती पडताळायची. प्रमाण वजनं पुलाच्या मध्यावर आणि चारी कोपऱ्यांत ठेवून आकडा जुळतो का बघायचा. हे काम चांगलं आहे, व्हायलाच हवं. मात्र पथकाची गाडी फाट्यावर वळली की काट्याच्या खोलीत निरोप पोचायला किती वेळ लागतो, हे ऊस वाहणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि पथकाची भेट एखाद्या दुपारची. बाकीच्या दिवसांचं काय?

निरीक्षकाचा शिक्का एवढंच सांगतो, की अमुक दिवशी, आमच्या वजनांनी तपासला तेव्हा, हा काटा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी काट्यावर कोण बसलं, त्याने काय केलं, पावती कशी छापली, हे शिक्का सांगू शकत नाही. ते बघायला तिथे, त्या वेळी, डोळे लागतात. ते डोळे ज्याचा माल आहे त्याचेच असू शकतात. निरीक्षक रोज प्रत्येक काट्यावर उभा राहणार नाही, ते शक्यही नाही.

पेट्रोलपंपांनी हेच 2017 मध्ये दाखवून दिलं. आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या तपासात आपल्याकडेही, पंपांच्या यंत्रातल्या इलेक्ट्रॉनिक भागांत फेरफार केल्याचं उघड झालं. म्हणजे शिक्का बाहेर आणि चोरी आत. तरी पंपावर निदान एक सोय आहे. मुद्रांकित पाच लिटरचं माप तिथे ठेवावंच लागतं, आणि ग्राहकाने मागितलं की त्यात ओतून दाखवावं लागतं. तुमच्यापैकी किती जणांनी ते माप आजवर मागितलं? घरगुती गॅसचंही तसंच. सिलिंडरच्या कड्याजवळ रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवले की पुरं वजन. दारात आलेल्या माणसाकडे काटा मागण्याचा हक्क आहे. आपण मागत नाही, त्याला घाई असते, आपल्याला संकोच.

वाण्याच्या दुकानाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण तिथे चोरीपेक्षा अज्ञान जास्त आहे. काट्यावर एक छोटी पट्टी असते, ती कुणी वाचत नाही. त्यावर कमाल वजन लिहिलेलं असतं, किमान वजन असतं, आणि इंग्रजी 'ई' अक्षरापुढे एक आकडा. किराणा दुकानातला नेहमीचा काटा 30 किलोंचा आणि 'ई' पाच ग्रॅम. किमान वजन त्याच्या वीसपट, म्हणजे 100 ग्रॅम. याचा सरळ अर्थ, त्या काट्यावर 100 ग्रॅमच्या आतलं काही तोलायचंच नाही. तिथे तो भरवशाचा राहत नाही. आणि आपण त्याच काट्यावर पन्नास ग्रॅम वेलदोडे घेतो. वापरातल्या अशा काट्याला तिथे एका 'ई'ची, म्हणजे पाच ग्रॅमची चूक खपून जाते. पन्नासात पाच. वेलदोड्यांचा भाव किलोला तीन हजार धरला तर पंधरा रुपये इकडचे तिकडे. दुकानदार लबाड नसतो, शिक्काही खरा असतो, तरी माप खोटं पडतं, कारण काटा त्या कामाचा नाही. बटाट्याच्या काट्यावर केशर तोलू नये. सोनाराला वरच्या दर्जाचा काटा लागतो तो याचसाठी, आणि सुक्या मेव्याच्या व मसाल्याच्या दुकानदारांनी लहान 'ई'चा दुसरा काटा ठेवायला हवा. तो फार महाग नसतो.

भाजीच्या गाडीवर बघायच्या गोष्टी वेगळ्या. परडी ठेवल्यावर आकडा शून्यावर आणला का? काटा पाणसळीत आहे का, की एका पायाखाली पुठ्ठा घातलाय? आकडे कुणाकडे? ग्राहकाला थेट विकायच्या काट्यावर वजन विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकाच वेळी दिसलं पाहिजे, ही अट काट्याच्या मुळातच आहे. पूर्वीच्या तराजूत दोन्ही पारडी डोळ्यांसमोर होती. एका पारड्याखाली पासंग लावलेला असला तर गिऱ्हाईक मोकळी पारडी उचलायला सांगायचं आणि दांडी कुठे झुकते ते बघायचं. 'पासंगालाही न पुरणे' हा शब्दप्रयोग आपण अजून वापरतो, पण तपासायची सवय मात्र सोडली.

मात्र भाजीवालीला दंड करून आपलं समाधान मानू नका. तिच्या काट्यात शे-पन्नास ग्रॅमचा घोळ असतो, आणि तिची स्वतःची मेथी-कोथिंबीर पहाटेच्या घाऊक बाजारातून किती घट सोसून आली ते तिलाच ठाऊक. बाजार समित्यांत सोयाबीन, हळद, कांदा घेऊन जाणाऱ्याला विचारा. क्विंटलमागे किलो-दोन किलो 'कडता' म्हणून कापले जातात. कधी बारदानाच्या नावाने, कधी ओलाव्याच्या, कधी नुसतंच रिवाज म्हणून. नियमात कुठेही न बसणारी ही कपात काटा खरा असूनही होते. वर तोलाई शेतकऱ्याच्याच पट्टीतून. माल माझा, वजन माझ्या मालाचं, मजुरी माझ्याकडून, आणि तरी दोन किलो तुझे. याला रिवाज म्हणणं बंद करा. हे मापातलं पाप आहे.

खात्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. निरीक्षक थोडे आणि काटे अगणित, हे मला मान्य आहे. पण पासिंग हे अनेक ठिकाणी दुरुस्तीवाल्याच्या हवाली झालं आहे. दुकानदार काटा त्याच्या हातात देतो, फी देतो, आठवड्याने काटा आणि प्रमाणपत्र परत येतं. मध्ये कुणी वजनं ठेवून बघितलं की नाही, त्याला माहीत नसतं. केंद्राने 2013 मध्ये नियम करून खासगी मान्यताप्राप्त चाचणी केंद्रांना वाट दिली आणि 2025 मध्ये ती आणखी रुंद केली. भार हलका होईल, हे खरं. पण जो काटा विकतो, जो दुरुस्त करतो, त्याच्याच हाती पास करण्याचा शिक्का कुठल्याही वाटेने जाता कामा नये. घरच्याच मास्तरने पेपर काढायचा आणि घरच्यानेच तपासायचा, अशा परीक्षेला कुणी किंमत देत नाही.

तर मागणं काय? फार मोठं नाही. प्रत्येक संकलन केंद्रावर, प्रत्येक उसाच्या काट्यावर, प्रत्येक बाजार समितीच्या तोलाईच्या जागी, माल घेऊन आलेल्याला वाचता येईल असा मोठा डिस्प्ले, त्याच्या बाजूला तोंड केलेला. पावतीवर काट्याने दाखवलेला पुरा आकडा, एकही अंक न कापता. उसाच्या गाडीचं भरतीचं आणि रिकामं अशी दोन्ही वजनं त्याच मिनिटाला शेतकऱ्याच्या मोबाइलवर. बाहेरच्या मुद्रांकित काट्यावरचं वजन घेऊन आलेल्या गाडीला गेटवर अडवायचं नाही, उलट दोन आकड्यांत फरक पडला तर लगेच तपासणी. आणि जिथे आठवडी बाजार भरतो तिथे ग्रामपंचायतीचा एक खरा, पास केलेला, कुणालाही फुकट वापरता येणारा काटा. घेतलेला माल त्यावर ठेवून बघता आला की निम्मी काटामारी त्याच दिवशी थांबेल. यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही, कोट्यवधींचा निधीही लागत नाही.

आत्याच्या केंद्राचं पुढे काय झालं, ते सांगतो. तिने गडबड केली नाही. दुसऱ्या दिवशी पाच जणींना सोबत नेलं. सगळ्यांनी घरून दूध मापून नेलं होतं, सगळ्यांनी काटा फिरवायला लावला, सगळ्यांनी आकडा मोठ्याने वाचला आणि पावतीशी ताडून बघितला. तिसऱ्या दिवशी केंद्राचे सचिव स्वतः येऊन बसले. आठवड्याभरात संगणकातली सेटिंग बदलली. मागच्या वर्षांचं दूध परत मिळणार नाही, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण आता पावतीवर दशांशापुढचे दोन्ही अंक छापून येतात आणि काट्याचं तोंड रांगेकडे आहे.

तुम्हीही एवढं करा. या आठवड्यात जिथे तुमचा माल तोलला जाईल किंवा तुम्ही तोलून घ्याल, तिथे प्रमाणपत्रावरची तारीख वाचा, शून्य बघा, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि पावती त्याच्याशी ताडून घ्या. प्रमाणपत्र टांगलेलं नसेल तर कुठे आहे ते विचारा, ते दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. उत्तर मिळालं नाही तर जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात लेखी तक्रार द्या. ग्राहक म्हणून फसला असाल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. आणि एकटे जाऊ नका, चार शेजारी घेऊन जा.